‘बीपी’ आणि मेटोप्रोलॉल : एका अर्थसंकोचाचे परिणाम

मालवणच्या किनाऱ्यावर ‘माका बीपी आसा’ हे वाक्य घरोघर ऐकू येते. वाच्यार्थ घेतला तर त्यात काहीच सांगितले जात नाही. कारण रक्तदाब जिवंत मनुष्यमात्रास असतोच. येथे परिमाणाचे नाव त्याच्या आधिक्यापुरते संकोचले आहे. ‘ताप’ आणि ‘साखर’ या शब्दांचीही हीच गत झालेली दिसते. अर्थसंकोच हा भाषेचा सहजधर्म असल्याने त्यात दोष असा नाही. मात्र ताप उतरला की औषध थांबवावयाचे, हा ‘ताप’ या शब्दाशी जडलेला संकेत ‘बीपी’लाही लागू केला जातो, तेव्हा अनर्थ ओढवतो. ‘आता माका बीपी नाय’ असे म्हणून गोळी सोडणारा रुग्ण, आकडा उतरला तो गोळीमुळेच, हे विसरतो.

या दृष्टीने मेटोप्रोलॉल हे औषध उद्बोधक आहे. उच्च रक्तदाब, हृच्छूल, हृदयविकाराच्या झटक्यानंतरची अवस्था आणि हृदयाची क्षीणता अशा अनेक प्रसंगी ते दिले जाते. आपल्या नावातच ते आपले कुल सांगते. औषधांना सर्व देशांत एकच नाव असावे, या हेतूने जागतिक आरोग्य संघटनेने अशा नावांची पहिली यादी १९५३ मध्ये प्रसिद्ध केली. या पद्धतीत ‘-ओलॉल’ हा अंत्यावयव बीटा-ग्राही रोधून धरणाऱ्या औषधांचा निदर्शक होय. या वर्गातील प्रोप्रॅनोलॉल जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून १९६० नंतरच्या दशकात पुढे आले. ब्लॅक यांना १९८८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

भय, श्रम वा क्षोभ यांच्या वेळी ॲड्रेनलिन व तत्सम द्रव्ये हृदयातील बीटा-ग्राहींना चेतवितात व हृदय वेगाने धावू लागते. मेटोप्रोलॉल त्या ग्राहींची जागा आधीच अडवून धरते. परिणामी ठोके मंदावतात, हृदयाला लागणारा प्राणवायू कमी पुरतो व दाब उतरतो. परंतु ग्राही दीर्घकाळ अडविले गेले म्हणजे शरीर त्यांची संख्या व संवेदनक्षमता वाढविते. अशा स्थितीत गोळी एकाएकी थांबली, तर मोकळ्या झालेल्या ग्राहींवर ॲड्रेनलिनचा आघात अधिकच तीव्र होतो. धमनीविकार असलेल्या रुग्णास त्यामुळे छातीत कळा येऊ शकतात, क्वचित हृदयविकाराचा झटकाही येतो. म्हणून हे औषध बंद करावयाचेच झाल्यास वैद्याच्या देखरेखीखाली, साधारणतः एक ते दोन आठवड्यांत, मात्रा उतरवीत नेऊन करावे लागते. काही दिवसांसाठी समुद्रात जाणाऱ्या खलाशाने पुरेशा गोळ्या बरोबर नेणे किती अगत्याचे आहे, हे यावरून ध्यानात येईल.

नावाचा दुसरा घटक क्षाराचा असतो. ‘टार्ट्रेट’ची साधी गोळी बहुधा दिवसातून दोनदा घ्यावी लागते, ‘सक्सिनेट’ची गोळी औषध सावकाश सोडते, म्हणून ती एकदाच पुरते. ही दुसरी गोळी चावून वा कुटून घेतल्यास दिवसभराची मात्रा एकदम अंगी लागते. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षणात हृदय क्षीण झालेल्या ३,९९१ रुग्णांचा अभ्यास झाला. त्यात सक्सिनेट घेणाऱ्यांतील मृत्यूंचे प्रमाण ३४ टक्क्यांनी घटलेले आढळले. हा निष्कर्ष टार्ट्रेटला जसाच्या तसा लावता येत नाही. एका शब्दाचा फरक येथे केवळ शब्दाचा राहत नाही.

तिसरे नाव व्यापारी; ते वेष्टनावर ठळक असते, पण कुल सांगत नाही. गणपतीला मुंबईहून आलेला चाकरमानी गोळ्या घरी विसरतो आणि गावात त्याला निराळ्या नावाची पट्टी मिळते. पुढे दोन्ही औषधे भिन्न समजून तो दोन्ही घेऊ लागला, तर मात्रा दुप्पट होऊन नाडी मंदावते व घेरी येते. ठळक नावाखालची बारीक अक्षरांतील ओळ वाचली असती, तर दोन्ही औषधे एकच आहेत, हे त्याला कळले असते.

दमेकऱ्यास हे औषध देताना विशेष सावधगिरी लागते. मधुमेह्याच्या बाबतीत, रक्तातील साखर उतरल्याची सूचना देणारी धडधड यामुळे झाकली जाते. म्हणून हे आजार वैद्यास आधीच सांगणे अवश्य आहे.

‘बीपी’ हा शब्द बोलीतून घालविण्याचे कारण नाही, आणि तो जाणारही नाही. गोळीने दाब ताब्यात राहतो, तो नाहीसा होत नाही, एवढा भेद त्या शब्दाबरोबर रुजला, तर बोलीही राखली जाईल आणि बोलणाराही.