बीजाचं थांबणं आणि पिकणं

प्रत्येक स्त्रीचं बीज तिच्या जन्माहूनही जुनं असतं. ती आईच्या पोटात असतानाच तिची बीजं तयार होतात, गुणसूत्रांच्या विभाजनाला लागतात आणि अर्ध्यावर थांबतात. कुणी पंधरा वर्षं थांबतं, कुणी चाळीस. मग दर महिन्याला सहसा एकच बीज ते राहिलेलं काम पुढे नेतं. त्याला जागं कोण करतं?

पियूषिका ग्रंथीची संप्रेरकं, असं उत्तर आपण शाळेत शिकलो. त्यांपैकी एफएसएच बीजाभोवतीची पिशवी, म्हणजे फॉलिकल, वाढवतं, नंतर एलएचची लाट येते आणि साधारण दीड दिवसात पिकलेलं बीज बाहेर पडतं. हे खरंच आहे. पण 1935 मध्ये ग्रेगरी पिंकस आणि एन्झमान या संशोधकांनी सशाची बीजं फॉलिकलमधून काढून काचेच्या भांड्यात ठेवली, तेव्हा ती संप्रेरकाविनाच पिकू लागली! म्हणजे बीज झोपलेलं नव्हतंच. फॉलिकलनं त्याला धरून ठेवलं होतं.

कसं धरलं होतं, ते नीट कळायला एकविसावं शतक उजाडलं. फॉलिकलच्या भिंतीतल्या पेशी सीएनपी नावाचं छोटं प्रथिन सोडतात. ते मिळताच बीजाला बिलगलेल्या क्युम्युलस पेशी सीजीएमपी हा रेणू बनवतात आणि अतिसूक्ष्म वाटांनी बीजात पोचवतात. तिथे तो सीएएमपी या दुसऱ्या रेणूची पातळी खाली येऊ देत नाही. ती वर आहे तोवर बीज थांबलेलं. एलएच ही साखळी तोडतं आणि तेही बीजाला स्पर्श न करता. एलएच ओळखणारे ग्राही बीजावर नसतात, ते असतात भिंतीतल्या पेशींवर. या पेशी सीजीएमपी घटवतात आणि ॲम्फिरेग्युलिनसारखे संदेश आत धाडतात. क्युम्युलस पेशी फुलतात, सीएएमपी उतरतं, केंद्रकाचं आवरण विरतं. जेमतेम एक दशांश मिलिमीटरच्या बीजासाठी केवढी ही व्यवस्था!

माणसाच्या बीजाला भांड्यात पिकायला किती वेळ लागतो, हे संशोधक रॉबर्ट एडवर्ड्स यांनी चिकाटीनं शोधलं. उंदीर-सशांचं बीज बारा तासांत पिकतं. माणसाच्या बीजाला सुमारे 36 तास लागतात, हे त्यांनी 1965 मध्ये प्रसिद्ध केलं. आजही टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात (आयव्हीएफमध्ये) बीज पिकवणाऱ्या ‘ट्रिगर’ इंजेक्शननंतर जवळपास तेवढ्याच तासांनी डॉक्टर बीज काढतात.

मग कच्ची बीजं काढून प्रयोगशाळेतच का पिकवू नयेत? अडचण आहे ती घाईची. कोवळा उतरवलेला आंबा अढीत रंगतो, पण त्यात गोडी भरत नाही. भांड्यातल्या बीजाचंही तसंच होतं: केंद्रक पक्व होतं, पण भोवतीचा पेशीरस तयार झालेला नसतो आणि भ्रूण पुढे वाढताना अडखळतो. नुसतं संप्रेरक ओतून हे सुटत नाही. एफएसएचला प्रतिसाद देतात क्युम्युलस पेशी. त्या काढून टाकल्या, तर उघड्या बीजाला त्याचा फारसा उपयोग नाही.

म्हणून ब्रसेल्स आणि हो ची मिन्ह सिटी इथल्या संशोधकांनी दोन टप्प्यांची पद्धत विकसित केली. आधी सीएनपी घालून बीजाला साधारण एक दिवस मुद्दाम थांबवायचं, त्या अवधीत भोवतालच्या पेशींकडून त्याचं पोषण होऊ द्यायचं आणि मगच एफएसएच व ॲम्फिरेग्युलिन देऊन त्याला मोकळं सोडायचं. या पद्धतीनं बाळं जन्मलीही आहेत.

पीसीओएस हा अंडाशयाशी निगडित संप्रेरकांचा विकार असलेल्या स्त्रियांना संप्रेरकांच्या मोठ्या मात्रेचा त्रास होण्याचा धोका जास्त असतो, तर कर्करोगाच्या उपचाराआधी काहींच्या हाती दहा-बारा दिवसांच्या इंजेक्शनांइतकाही वेळ नसतो. अशांसाठी ही वाट मोलाची आहे. नेहमीच्या आयव्हीएफची जागा तिनं अजून घेतलेली नाही, पण बीज चांगलं पिकवायचं तर आधी त्याला नीट थांबवता आलं पाहिजे, हे तिनं दाखवून दिलं आहे.