दिवसा उडणारा पतंग

चोर्ला घाटात किंवा खानापूरच्या रानात भरदिवसा एखादं निळं-जांभळं, पिवळ्या अंगाचं फुलपाखरू पंख सपाट पसरून पानावर बसलेलं दिसलं, तर फोटोखाली नाव टाकायची घाई करू नका. आधी त्याच्या मिशा बघा. फुलपाखराच्या मिशीच्या टोकाला बारीक गाठ असते. ती नसेल, तर तो बहुतेक डिस्फेनिया असणार, म्हणजे पतंग! (हा शब्द ऐकून बडोदेकरांना आधी संक्रांतच आठवेल, पण त्याला इलाज नाही.)

इंग्रजीत याला 'ब्लू टायगर मॉथ' म्हणतात. 'ब्लू टायगर' नावाचं फुलपाखरू वेगळंच आहे, त्यामुळे गोंधळात आणखी भर.

पतंग रात्री उडतात, मग हा दिवसा कसा? दिवसा उडणं ही नुसती सवय. कुळ ठरतं ते अंगाच्या ठेवणीवरून. याच्या भाईबंदांपैकी मिलिटारिस या जातीला लिनियसने 1758 सालीच पतंगांत बसवलं होतं. ह्युब्नरने 1819 मध्ये डिस्फेनिया ही प्रजाती केली. आपल्याकडच्या पर्कोटा जातीचं वर्णन 1891 मध्ये कर्नल चार्ल्स स्विन्हो यांनी केलं. 1883 साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापणाऱ्या आठ जणांपैकी ते एक. डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे आपले दोघेही त्याच आठांतले.

कुळाची खरी ओळख अळीत सापडते. बहुतेक सुरवंटांना पोटाखाली मऊ पायांच्या पाच जोड्या असतात, या कुळातल्यांना सहसा मागच्या दोनच. त्यामुळे अळी कमान करत, वितीवितीने जमीन मोजत असल्यासारखी चालते. कुळाचं नावही त्यावरूनच पडलं: जिओमेट्रिडी, जमीन मोजणारे. या घराण्याचे कान पोटाच्या बुडाशी असतात आणि ते वटवाघळांची चाहूल घेतात. रात्रीच्या घराण्यातला हा दिवसा हिंडणारा वारस.

पर्कोटाची पिवळीधमक, काळ्या ठिपक्यांची अळी पानशीच्या झाडावर वाढते. पानशी कांदळाच्या कुळातली, पण खाडी सोडून डोंगरात ओढ्याकाठी रमलेली. अळ्यांनी पानं कुरतडलेली दिसली की औषध मारायचा मोह होतो. झाडाला पुन्हा पालवी फुटते, मारलेल्या अळीचा मात्र पतंग होत नाही. आणि ओढ्याकाठची पानशीच तोडली, तर तिथल्या अळीने खायचं काय?

पुढच्या वेळी रानात गेलात तर फोटोत मिशा नीट येऊ द्या. अळी दिसली, तर ती ज्या झाडावर आहे त्याच्या पानाचाही एक फोटो काढा.