चांद्रपर्वतावरचे बर्फ ओसरते आहे

विषुववृत्ताजवळ बर्फाच्छादित शिखरे असू शकतात, हे एकोणिसाव्या शतकातील अनेक युरोपीय भूगोलतज्ज्ञांना पटत नव्हते. मात्र त्यापूर्वी सतराशे वर्षे अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने लिहून ठेवले होते, की नाईलच्या उगमाकडील सरोवरांना ‘चांद्रपर्वता’वरील बर्फाचे पाणी मिळते. युगांडा आणि काँगोचे लोकशाही प्रजासत्ताक यांच्या सीमेवरील रुवेन्झोरी पर्वतरांग म्हणजेच तो चांद्रपर्वत, असे सामान्यतः मानले जाते. या पर्वतावरील बर्फ आता झपाट्याने नाहीसे होत आहे.

ही रांग सुमारे १२० किलोमीटर लांबीची आहे. किलिमांजारो आणि माऊंट केनिया ज्वालामुखीतून घडले. रुवेन्झोरीचे तसे नाही. पूर्व आफ्रिकेतील खचदरी निर्माण होताना भूकवचाचा एक प्राचीन तुकडा वर उचलला गेला आणि त्याचा हा पर्वत झाला. त्याचे मार्गेरिटा हे ५,१०९ मीटर उंचीचे शिखर आफ्रिकेत तिसऱ्या क्रमांकाचे आहे.

वर्षातील बहुतेक दिवस शिखरे ढगांआड असल्याने बाहेरच्या जगाला त्यांचा पत्ता उशिरा लागला. १८८८ मध्ये हेन्री स्टॅन्लेच्या मोहिमेला ती हिमशिखरे दिसली. १९०६ मध्ये इटलीच्या ड्यूक ऑफ अब्रुझ्झी यांनी मार्गेरिटासह प्रमुख शिखरे सर केली आणि रांगेचे नकाशे तयार करविले. त्यांच्यासोबतच्या व्हित्तोरियो सेला यांनी टिपलेली छायाचित्रे आज हिमनद्यांच्या पूर्वीच्या विस्ताराचा मोलाचा पुरावा ठरली आहेत. पायथ्याशी राहणाऱ्या बाकोंजो समाजाला मात्र हा पर्वत पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. कितासांबा या देवतेचा वास हिमशिखरांवर असतो, अशी त्यांची श्रद्धा आहे.

उंचीगणिक बदलणारे वन

पायथ्यापासून चढू लागल्यावर दाट पर्जन्यवन, बांबूची बने आणि मग झाडाएवढे वाढणारे हीथ लागते. त्याच्या फांद्यांवरून शेवाळ आणि दगडफुलाच्या जातीच्या वनस्पती लोंबत असतात. त्याहून वर महाकाय लोबेलिया आणि सूर्यफुलाच्या कुळातील वृक्षासारखे सेनेसिओ आढळतात. सह्याद्रीत दिसणारी धवळ ही याच लोबेलियाची नातलग होय. येथे दिवसा ऊन आणि रात्री गोठविणारी थंडी असते. सेनेसिओची वाळलेली पाने गळून न पडता खोडाभोवती गोधडीसारखी राहतात आणि थंडीपासून त्याचा बचाव करतात. खालच्या वनांत चिंपांझी, हत्ती आणि तीन शिंगांचे सरडे राहतात. उडताना लाल पिसे झळकविणारा रुवेन्झोरी तुराको हा पक्षी तर केवळ या खचदरीच्या परिसरातच सापडतो.

पाणी येते कोठून?

१९०६ मध्ये रांगेवर सुमारे साडेसहा चौरस किलोमीटर बर्फ होते. २००३ पर्यंत ते एक चौरस किलोमीटरहून कमी उरले. वाढते तापमान हे त्याचे प्रमुख कारण असल्याचे काही शास्त्रज्ञ म्हणतात, तर काहींच्या मते हवेतील घटलेली आर्द्रता आणि ढग यांचाही त्यात मोठा वाटा आहे. बर्फ कमी होत आहे, याबद्दल मात्र दुमत नाही.

बर्फ संपल्यावर पायथ्याच्या नद्याही आटतील, अशी भीती साहजिकच वाटते. परंतु मुबुकू नदीवरील मोजणीने वेगळेच चित्र पुढे आणले. पायथ्याशी पोहोचणाऱ्या तिच्या प्रवाहात हिमनद्यांच्या पाण्याचा वाटा दोन टक्क्यांहूनही कमी भरला. बाकीचे पाणी पावसाचे. ते अडवून हळूहळू सोडण्याचे काम डोंगरावरची वने आणि दलदली करतात. टॉलेमीने बर्फाला दिलेले श्रेय वास्तविक या दोघांचे आहे.

म्हणूनच वनांच्या रक्षणाचे महत्त्व वाढते. युगांडाच्या बाजूस १९९१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, १९९४ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला आणि पुढे त्याचा समावेश रामसर पाणथळ क्षेत्रांत झाला. उद्यानाबाहेरील उतारांवर मात्र दाट वस्ती आणि शेती आहे. २०१३ आणि २०२० मध्ये न्यामवांबा नदीच्या पुरांनी कासेसे जिल्ह्यात घरेदारे वाहून नेली. उंचावरचे बर्फ वाचविणे स्थानिकांच्या हाती नाही. उतारांवरचे वन राखले, तर पाऊस धरून ठेवण्याची या पर्वताची शक्ती तरी टिकेल.