चाळीस हजार लिटरचं मैदान

परभणी जिल्ह्यात, जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्यात यादवकाळातली देवळं आहेत, बारव आहे. ज्या मुलखात पाणी हाताला लागायला पायऱ्या उतराव्या लागतात, तिथल्या माणसाने पाण्यापासून बनलेल्या मैदानाचा हिशेब मांडून पाहावा. डोकं गरगरतं.

नॅशनल हॉकी लीग, म्हणजे एनएचएल, ही कॅनडा आणि अमेरिकेतली आइस हॉकीची व्यावसायिक स्पर्धा. तिचं मैदान 200 फूट लांब, 85 फूट रुंद आणि वर साधारण इंचभर बर्फ. म्हणजे चाळीस हजार लिटरच्या आसपास पाणी. आपल्या भाषेत दहा हजार लिटरचे चार टँकर. लीगमध्ये संघ 32. सगळ्यांची मैदानं मिळून पावणेतेरा लाख लिटर. 2016 च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला जी पाण्याची रेल्वे गेली, ती पूर्ण पन्नास वाघिणींची असताना एका खेपेला पंचवीस लाख लिटर आणत असे. जगातल्या सगळ्यात श्रीमंत बर्फाच्या खेळाची सगळी मैदानं त्या एका गाडीच्या अर्ध्या पाण्यात तयार होतात. हा आकडा मला दोन्ही बाजूंनी थक्क करतो. केवढं पाणी लातूरला लागत होतं, आणि केवढ्याशा पाण्यावर एवढं साम्राज्य उभं आहे!

खरा खर्च पाण्याचा नसून थंडीचा आहे. तीस अंशांचं चाळीस हजार लिटर पाणी गोठवून शून्याखाली पाच-सहा अंशांवर न्यायचं, तर त्यातून पाच हजार युनिटांहून जास्त उष्णता बाहेर काढावी लागते, आणि ती परत आत येऊ नये म्हणून यंत्रं अहोरात्र चालू ठेवावी लागतात. बर्फाखालच्या काँक्रीटमध्ये कित्येक किलोमीटर लांबीच्या नळ्या असतात, त्यांतून गार द्रव फिरत राहतो. पाणीही एकदम ओतत नाहीत. पातळ पातळ थर फवारतात, मध्ये पांढरा रंग देतात, त्यावर रेघा आखतात आणि पुन्हा थर चढवतात. हेच मैदान मे महिन्यात चारठाण्याच्या माळावर उघडं मांडलं तर काय होईल? डोक्यावर आलेलं ऊन चौरस मीटरला सुमारे एक किलोवॅट उष्णता ओततं. पांढऱ्या बर्फाने त्यातली निम्मी परतवली असं धरलं, तरी सकाळी दहाला मांडलेलं मैदान दुपारी तीनपर्यंत वाहून गेलेलं असेल. परभणीची त्रेचाळीस अंशांची झळ या हिशेबात धरलेलीच नाही.

या बर्फाची निगा राखणारं यंत्रही एका बर्फवाल्याच्या डोक्यातून आलं. फ्रँक झांबोनी हा कॅलिफोर्नियातला माणूस बर्फाच्या लाद्या बनवून विकायचा. घरोघरी फ्रीज आले, लाद्यांचा धंदा बसला. मग त्याने 1940 मध्ये स्केटिंगचं मैदान काढलं. घसटलेला बर्फ खरवडून, धुऊन, पुन्हा गुळगुळीत करायला तीन माणसांना तास-दीड तास लागायचा. 1949 मध्ये त्याने एक गाडी बनवली. ती पुढे जाताना बर्फ तासते, कीस गोळा करते आणि मागे गरम पाण्याचा पातळ थर सोडते. पाणी गरमच लागतं, कारण ते खालच्या बर्फाला किंचित वितळवून त्यात मिसळून जातं आणि त्यात हवेचे बुडबुडेही कमी असतात. आजही दोन डावांच्या मधल्या वेळात हीच गाडी मैदानावर फिरते.

आता खेळाकडे. ज्या काळ्या रबरी चकतीने हा खेळ खेळतात तिला पक म्हणतात. व्यास तीन इंच, जाडी एक इंच, वजन 156 ते 170 ग्रॅम. उसळू नये म्हणून सामन्याआधी ती गोठवून ठेवतात. वजनाने ती आपल्या क्रिकेटच्या चेंडूइतकीच. अंतरही ओळखीचं निघतं. गोलासमोरची हद्द दाखवणाऱ्या निळ्या रेषेपासून गोलरेषेपर्यंत 64 फूट, आणि आपली खेळपट्टी 66 फूट. फरक वेगाचा. झ्देनो चारा या पावणेसात फुटी बचावपटूने 2012 मध्ये ऑल स्टार सोहळ्यातल्या स्पर्धेत पक ताशी 175.1 किलोमीटरने मारला. शोएब अख्तरचा विक्रमी चेंडू 161.3 चा होता. चाराचा तो फटका निळ्या रेषेवरून निघाला असता तर सेकंदाच्या चार दशांश भागात जाळ्यात पोचला असता. माणसाला नुसतं दिसून हलायलाच दोन दशांश जातात. उरलेल्या दोन दशांशांत गोलरक्षकाने सहा फूट रुंद, चार फूट उंच दार अडवायचं, आणि तेही समोर पाच-सहा जण मुद्दाम नजर अडवून उभे असताना.

म्हणून इथे एका माणसाला फार वेळ मैदानावर ठेवतच नाहीत. साठ मिनिटांचा सामना, वीस-वीस मिनिटांचे तीन डाव, एका वेळी प्रत्येकी पाच खेळाडू आणि एक गोलरक्षक. खेळाडू मात्र सरासरी पंचेचाळीस सेकंद खेळतो आणि बाकावर परततो. याला शिफ्ट म्हणतात. चार आक्रमक तिकड्या आणि बचावाच्या तीन जोड्या खेळ न थांबवता आळीपाळीने आतबाहेर करत असतात. पूर्ण ताकदीने स्केटिंग केलं की मांड्या तेवढ्यात भरून येतात. प्रशिक्षकाचं निम्मं डोकं यातच असतं: समोरच्याची कोणती तिकडी उतरली, तिच्यापुढे आपली कोणती सोडायची, दमलेल्यांना बाहेर कधी काढायचं. एखाद्याने आगळीक केली की त्याला दोन मिनिटं बाहेर बसवतात आणि त्याचा संघ चौघांवर येतो. पाच विरुद्ध चार अशा त्या दोन मिनिटांना पॉवर प्ले म्हणतात. यात पाच वेळांतून एकदा गोल झाला तरी काम चांगलं झालं असं मानतात.

त्या दोन मिनिटांचा बादशहा अलेक्झांडर ओवेच्किन. मॉस्कोत जन्मलेला, 2005 पासून वॉशिंग्टन कॅपिटल्सकडून खेळणारा. पॉवर प्लेमध्ये तो गोलाच्या डाव्या अंगाला, मैदानावर आखलेल्या वर्तुळापाशी उभा राहतो. पलीकडून पास येतो आणि तो पक न थांबवता तसाच मारतो. पॉवर प्लेमधले त्याचे गोल तीनशेच्या वर आहेत. तो कुठे उभा राहणार हे लीगमधल्या प्रत्येक बचावपटूला वीस वर्षांपासून माहीत आहे, तरी त्याला रोखता येत नाही. 6 एप्रिल 2025 ला न्यूयॉर्क आयलँडर्सविरुद्ध त्याच जागेवरून, पॉवर प्लेमध्येच त्याने 895 वा गोल केला आणि बर्फावर पोटावर घसरत गेला. कॅनडाच्या वेन ग्रेट्झ्कीचा 894 गोलांचा विक्रम मोडला. ग्रेट्झ्कीची पूर्ण कारकीर्द 1,487 सामन्यांची होती. ओवेच्किनचा हा सामनाही नेमका 1,487 वा. वीस वर्षांच्या दोन कारकिर्दी, सामने तेवढेच, फरक एका गोलाचा.

ग्रेट्झ्कीचा दुसरा एक विक्रम मात्र मोडणं मला तरी अशक्य वाटतं. या खेळात गोलाला एक गुण आणि गोलासाठी पास देणाऱ्यालाही एक. ग्रेट्झ्कीचे एकूण गुण 2,857. त्यातले पासांचे 1,963. दुसऱ्या क्रमांकावरच्या यारोमिर यागरचे गोल आणि पास मिळून गुण 1,921. म्हणजे ग्रेट्झ्कीने जन्मात एकही गोल केला नसता, तरी तोच पहिला राहिला असता.

ओवेच्किनच्या त्या गोलाकडे सगळ्यांना एकाच नजरेने पाहता आलं नाही. तो पुतिन यांचा उघड पाठीराखा. 2017 मध्ये त्याने त्यांच्या समर्थनासाठी समाजमाध्यमांवर मोहीमच काढली होती. विक्रमानंतर पुतिन यांनी त्याचं अभिनंदन केलं. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर चारच दिवसांनी, 28 फेब्रुवारी 2022 ला, आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाने रशिया आणि बेलारूसच्या संघांना बाहेर काढलं. 2026 च्या मिलान-कोर्तिना ऑलिंपिकसाठी एनएचएलने 2014 नंतर पहिल्यांदा आपले खेळाडू सोडायचं कबूल केलं, पण रशियाच्या संघाला तिथे जागा नव्हती. रशियन खेळाडू अमेरिकी क्लबांकडून मात्र खेळतच राहिले.

हे राजकारण या खेळात बाहेरून घुसलेलं नाही. या खेळातले बलाढ्य देश नकाशावर शोधा: कॅनडा, अमेरिका, रशिया, फिनलंड, स्वीडन. सगळे उत्तर ध्रुवाभोवती बसलेले, एकमेकांच्या सीमांना खेटून. फिनलंड आणि रशियाची सीमा 1,340 किलोमीटरची. फिनलंड 2023 मध्ये नाटोत गेला, स्वीडन 2024 मध्ये. कॅनडा आणि अमेरिकेची सीमा 8,891 किलोमीटर, जगात सर्वांत लांब. ज्यांच्याकडे बर्फ आहे त्यांच्यातच हा खेळ आहे आणि त्यांच्यातच ही भांडणं आहेत.

फेब्रुवारी 2025 मध्ये एनएचएलने चार देशांची स्पर्धा भरवली. कॅनडा, अमेरिका, स्वीडन, फिनलंड हे चारही नाटोचे सदस्य. स्पर्धेच्या तोंडावरच ट्रम्प यांनी कॅनडाच्या मालावर 25 टक्के आयातशुल्काचा आदेश काढला होता आणि कॅनडाने अमेरिकेचं एक्कावन्नावं राज्य व्हावं असं ते म्हणत होते. कॅनडातल्या प्रेक्षकांनी अमेरिकेच्या राष्ट्रगीताची हुर्यो उडवली. 15 फेब्रुवारीला मॉन्ट्रियलमध्ये दोन्ही संघ समोरासमोर आले आणि खेळाच्या पहिल्या नऊ सेकंदांत तीन मारामाऱ्या झाल्या. हातमोजे फेकून, ठोसे मारत. तो सामना अमेरिकेने 3-1 असा जिंकला. 20 तारखेला बॉस्टनमध्ये अंतिम सामना जादा वेळेत गेला, कॉनर मॅकडेव्हिडने गोल केला, कॅनडा 3-2 ने जिंकला. आमचा देशही घेता येणार नाही आणि आमचा खेळही, अशा अर्थाचं कॅनडाचे तेव्हाचे पंतप्रधान ट्रुडो यांनी लगेच लिहिलं.

त्याच सामन्यात कॅनडाचा मानद कर्णधार म्हणून ग्रेट्झ्की आला होता. महिनाभरापूर्वी तो ट्रम्प यांच्या शपथविधीला दिसला होता, आणि कॅनडाच्या लोकांना ते फार लागलं. त्यांची जखम जुनी होती. 9 ऑगस्ट 1988 ला एडमंटनने त्याला लॉस एंजेलिसला देऊन टाकलं, दीड कोटी डॉलर रोख घेऊन. तेव्हा नेल्सन रिस या खासदाराने सरकारने हा व्यवहार थांबवावा अशी मागणी केली होती. पुढे मार्च 2025 मध्ये पंतप्रधान झालेले मार्क कार्नी हे स्वतः एकेकाळी हार्वर्डच्या संघाचे राखीव गोलरक्षक होते. गॉर्डी हाउ या जुन्या खेळाडूच्या धसमुसळ्या कोपरांवरून ‘कोपर वर’ ही कॅनडाच्या त्या वर्षीच्या निवडणुकीच्या काळातली घोषणाच झाली.

पैशाचा आकडा शेवटी ठेवला, कारण तो चारठाण्यापर्यंत येतो. 2025-26 साठी एका संघाने सगळ्या खेळाडूंवर मिळून खर्चायची मर्यादा 9 कोटी 55 लाख डॉलर, म्हणजे सुमारे 840 कोटी रुपये. आयपीएलच्या एका संघाची 2025 ची लिलावातली मर्यादा 120 कोटी होती. 30 सप्टेंबर 2025 ला मिनेसोटा वाइल्डने किरिल काप्रिझोव्ह या रशियन खेळाडूशी आठ वर्षांचा करार केला, 13 कोटी 60 लाख डॉलरचा. वर्षाला दीडशे कोटी रुपये. वर्षाला 84 सामने आणि दर सामन्यात एकवीस मिनिटं धरली, तर बर्फावरच्या एका मिनिटाचे साडेआठ लाख होतात. पंचेचाळीस सेकंदांच्या एका शिफ्टचे सव्वासहा लाखांच्या वर. 2025-26 चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये. त्या एका शिफ्टमध्ये 78 क्विंटल कापूस बसतो. कोरडवाहूत एकरी पाच क्विंटल धरले तर साडेपंधरा एकरांचं वर्षाचं पीक.

आणि कॅनडावर शुल्क लादणाऱ्या त्याच सरकारने 27 ऑगस्ट 2025 पासून भारताच्या बऱ्याच मालावर पन्नास टक्के शुल्क लावलं. कापड गिरण्यांची अडचण झाली म्हणून आपल्या सरकारने परदेशी कापसावरचं 11 टक्के आयातशुल्क आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत माफ केलं. नेमके कापूस वेचणीचे महिने. जिंतूर तालुक्यात कापूस लावणाऱ्याला तो निर्णय थेट भोवणारा होता. कॅनडाच्या माणसाला राग काढायला एक मैदान आणि लक्षावधींचा आवाज होता. आपल्या शेतकऱ्याची बाजू तेवढ्या आवाजात कुणी मांडली नाही, आणि ती मांडायला हवी होती.

चारठाण्याहून जवळपास सरळ उत्तरेला, साधारण सोळाशे किलोमीटरवर लेह आहे. भारताची आइस हॉकी म्हणजे मुख्यतः लडाख. तिथे उणे वीस अंशांत तळी आपोआप गोठतात आणि जेमतेम दोन महिने खेळता येतं. लष्कर आणि इंडो-तिबेट सीमा पोलीस यांचे संघ तगडे, कारण सीमाही तिथेच आहे. फेब्रुवारी 2018 मध्ये चिब्रा कारग्यामला 4,361 मीटर उंचीवर सामना झाला आणि सर्वांत उंचावरचा म्हणून गिनीज बुकात गेला. जून 2025 मध्ये भारताच्या मुलींनी आशिया चषकात कांस्यपदक मिळवलं, तेही संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐनला, भर उन्हाळ्याच्या वाळवंटात, यंत्राने गोठवलेल्या बर्फावर. वाळवंटात बारा महिने बर्फ आहे. आपण देहरादूनला 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी आच्छादित मैदान बांधलं आणि स्पर्धा संपल्यावर विजेचा खर्च परवडेना म्हणून ते वर्षानुवर्षं बंद ठेवलं. 2025 मध्ये ते पुन्हा सुरू झालं, ऑगस्टमध्ये तिथे आशियाई शॉर्ट ट्रॅक स्केटिंग स्पर्धाही झाली. लडाखच्या या मुलींना उरलेले दहा महिने सराव करायचा असेल तर देशात असलं मैदान चालू राहायला हवं, आणि एका राष्ट्रीय संघासाठी ते वीजबिल भरणं काही जड नाही.