मूत्रवाहिनीतील अडथळा व धातूचा स्टेंट

मूत्रपिंडातील मूत्र मूत्राशयात नेणारी मूत्रवाहिनी सुमारे २५ ते ३० सेंटिमीटर लांब असते. गर्भाशयमुखाच्या किंवा पोटातील अन्य कर्करोगाच्या गाठीने ती बाहेरून दाबली गेल्यास मूत्र तुंबते, मूत्रपिंड सुजते आणि कालांतराने निकामी होऊ शकते. हा मार्ग खुला ठेवण्यासाठी दुर्बिणीच्या साहाय्याने मूत्रवाहिनीत स्टेंट, म्हणजे एक बारीक नळी, बसविण्यात येते.

दोन्ही टोकांना वळण असलेला प्लॅस्टिकसदृश पदार्थाचा स्टेंट १९७८ साली पुढे आला. तो साधारणतः तीन ते सहा महिन्यांनी बदलावा लागतो. शिवाय गाठीच्या दाबाने तो निरुपयोगी होण्याचा संभव असतो. निकेल, कोबाल्ट, क्रोमियम आदींच्या मिश्रधातूची तार घट्ट वेटोळून केलेला स्टेंट हा दाब अधिक सोसतो. नियमित तपासणी होत राहिल्यास तो बारा महिन्यांपर्यंत ठेवता येतो. त्याची किंमत अधिक असली, तरी वारंवार करावी लागणारी शस्त्रक्रिया टळते.

मात्र धातूचा स्टेंटही कायमचा नव्हे. मुदत उलटल्यावर त्यावर क्षारांचे थर साचतात, तो काढणे अवघड होते व मूत्रपिंडास धोका पोहोचतो. म्हणून, काही त्रास नसला तरी, स्टेंट बदलण्याची तारीख रुग्णाने व कुटुंबियांनी लिहून ठेवावी. ताप, कुशीत वेदना किंवा लघवी कमी होणे ही लक्षणे दिसताच विनाविलंब रुग्णालयात जावे.