गुडघ्यामागची पाण्याची गाठ

'गाठ' हा शब्द कानी पडला की आपल्या घरांतून पहिली शंका येते ती कर्करोगाची. गुडघ्याच्या मागील खोलगट भागात लिंबाएवढा फुगवटा हाताला लागला, तर माणूस एक तर भीतीने गप्प बसतो, नाही तर मालिश करणाऱ्याकडे धाव घेतो. या दोन्ही गोष्टी टळाव्यात म्हणून हा विषय आम्ही येथे घेतला आहे.

या गाठीस 'बेकर सिस्ट' म्हणतात. लंडनचे शल्यचिकित्सक विल्यम मोरांट बेकर यांनी १८७७ साली तिचे वर्णन केले. वास्तविक डब्लिनच्या रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी १८४० मध्येच तिची नोंद केली होती. पण नाव राहिले मागून आलेल्याचे!

गुडघ्याच्या सांध्यात वंगणासारखा थोडा द्रव असतो. सांध्याच्या मागे, दोन स्नायूंच्या मध्ये, एक लहानशी पिशवी असते आणि पुष्कळ प्रौढांमध्ये तिचे तोंड सांध्यात उघडते. सांध्याची झीज झाली, आतली गादी फाटली किंवा आमवात जडला, की हा द्रव वाजवीपेक्षा जास्त तयार होतो आणि हालचालीच्या दाबाने पिशवीत शिरतो. सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह आठवावा. हवा आत जाते, परत येत नाही. तसेच येथे होते व पिशवी फुगते. म्हणजे गाठ मागे दिसली तरी दुखणे बहुधा सांध्यात असते. लहान मुलांचे मात्र वेगळे. त्यांचा सांधा बहुतेक वेळा निरोगी असतो आणि गाठ कालांतराने आपोआप जिरते.

पाय सरळ केला की ही गाठ घट्ट लागते, वाकवला की मऊ पडते. पण एवढ्यावरून घरीच निदान करू नये. नाडीसारखी ठोके देणारी गाठ ही फुगलेली रक्तवाहिनी असू शकते. तिला सुई लावणे घातक. सोनोग्राफीत गाठ पाण्याची की भरीव, हे सहज कळते.

खरा धोका पुढेच आहे. कधी कधी ही पिशवी फुटते आणि द्रव पोटरीत उतरतो. पोटरी एकाएकी दुखते, सुजते, लाल होते. पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली तरी चित्र हुबेहूब असेच दिसते! ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. उलट, गुठळी समजून रक्त पातळ करणारे औषध दिले आणि फुटलेली असेल पिशवी, तर पोटरीत रक्तस्राव होण्याचे भय. डॉक्टरांनाही नुसत्या हाताने हा फरक खात्रीने सांगता येत नाही, मग हाडवैद्याची काय कथा? म्हणून सुजलेली पोटरी कोणाकडूनही चोळून घेऊ नये. त्याच दिवशी तपासणी करावी. सोबत दम लागत असेल वा छातीत दुखत असेल, तर तडक इस्पितळ गाठावे.

न दुखणाऱ्या लहान गाठीला बहुधा काहीच करावे लागत नाही. सुईने पाणी काढून सांध्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन दिल्यास आराम पडतो. परंतु मूळ कारण तसेच राहिले तर पाणी पुन्हा भरते. त्यामुळे वजन आटोक्यात ठेवणे, मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आणि उकिडवे बसणे कमी करणे, हे उपाय साधे असले तरी टाळण्याजोगे नाहीत. शस्त्रक्रिया क्वचितच लागते, आणि तीही बहुधा आतल्या फाटलेल्या गादीसाठी.