मासळीच्या सुरीची पारख
(द्वितीय वर्ष, कला)

अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी भांडवल म्हणजे काय ते समजावून दिले, तेव्हा वर्गातल्या बहुतेकांच्या डोळ्यांपुढे कारखाने, यंत्रे आणि बँका उभ्या राहिल्या असतील. माझ्या डोळ्यांपुढे आली ती आईची विळी. काष्टीच्या शनिवारच्या बाजारात, जनावरांच्या गर्दीपासून जरा बाजूला, माझी आई मासळी घेऊन बसते. गोणपाट, तराजू, पाण्याची बादली आणि विळी एवढेच तिचे भांडवल. त्यावर घर चालते आणि माझी फीही भरली जाते. म्हणून या अंकासाठी लिहिताना मोठ्या विषयाच्या नादी न लागता, मला ठाऊक असलेल्या एका लहान हत्याराविषयीच चार शब्द लिहावेत असे ठरवले.

विळी हे आपल्या मुलखातले फार शहाणे हत्यार आहे. पाट पायाखाली दाबला की पाते जागचे हलत नाही आणि दोन्ही हात मोकळे राहतात. मासा मुळातच निसरडा, त्यामुळे तो दोन हातांनी धरून पात्यावर ढकलता येणे ही मोठीच सोय. रोहू किंवा कटला यांच्या रश्श्यासाठी काट्यासकट आडव्या तुकड्या करायच्या असतात. त्या कामाला विळीचे जाड, न वाकणारे पातेच हवे, कारण त्याला कण्याचे हाड तोडायचे असते.

पण अलीकडे गिऱ्हाईक बदलले आहे. रस्त्यावरची हॉटेले आणि धाबे ‘बोनलेस’ मागतात व त्याला भावही चांगला देतात. बोनलेस म्हणजे कण्याच्या दोन्ही अंगांनी मांसाची अखंड फाक काढणे. येथे हाड तोडायचे नसते, हाडाला चिकटून सरकायचे असते. विळीला हे साधत नाही, त्याला सुरीच लागते.

ही गोष्ट मी नीट समजून घेतली नाही आणि तिची किंमत आईने मोजली. गेल्या वर्षी शिष्यवृत्तीचे पैसे हाती आले तेव्हा मी मोठ्या हौसेने शहरातून एक चकचकीत सुरी आणली. पाते जाड होते आणि मूठ काचेसारखी गुळगुळीत होती. सुरी पाहताच आई म्हणाली, “आरं, चकाकतंय म्हनून कापतंय व्हय?” तरी लेकाने आणली म्हणून तिने ती वापरली. दुसऱ्याच शनिवारी ओल्या हातातून मूठ घसरली व बोट पात्यावर गेले. तीन टाके पडले आणि तीन बाजार बुडाले. दोष दुकानदाराचा नव्हे, माझ्या अज्ञानाचा होता. त्यानंतर मी लोहाराच्या भात्यापाशी बसलो, ग्रंथालयात वाचले आणि आईला विचारले. त्यातून जे हाती लागले ते असे.

पहिली गोष्ट पात्याची. फाक काढण्याची सुरी अरुंद, पातळ आणि लवचीक असावी. लांबी साधारण सहा ते नऊ इंच. लहान माशाला आखूड व अधिक लवणारे पाते, मोठ्या माशाला लांब व थोडे ताठ. टोक लाकडावर हलके दाबून पाहावे. पाते कमानीसारखे वाकले आणि सोडताच सरळ झाले तर ते उत्तम. वाकलेलेच राहिले तर पोलाद मऊ आहे, मुळीच वाकले नाही तर ते फाकेच्या कामाचे नाही. कल्ल्यामागे तिरकी चीर देऊन पाते कण्यापर्यंत न्यायचे व आडवे वळवून शेपटीकडे सरकवायचे, अशी ही कृती आहे. पाते लवचीक असले की ते कण्याच्या वळणाने जाते आणि मांस हाडावर राहत नाही. चिलापीसारख्या माशातून वजनाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाइतकीच फाक निघते. तेव्हा हाडावर राहिलेला प्रत्येक तोळा हा नफ्यातूनच जातो.

दुसरी गोष्ट पोलादाची. आपल्या बाजारातले लोहार मोटारीच्या जुन्या पाट्यांपासून विळे-कोयते घडवतात. लाल तापवून पाणी दिलेले हे पोलाद कडक असते व दगडावर लवकर धार धरते, पण ओले राहिले की गंजते. स्टेनलेस पोलादात निदान साडेदहा टक्के क्रोमियम असते, म्हणून ते सहसा गंजत नाही. मात्र स्टेनलेस म्हटले की सगळे सारखे नसते. हलक्या प्रतीचे पाते लवकर बोथट होते. दिवसभर पाण्यात काम करणाऱ्याने चांगले स्टेनलेस घ्यावे हे बरे.

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट मुठीची. दुकानात हात कोरडा असतो, बाजारात तो पाण्याने आणि माशाच्या बुळबुळीने ओला असतो. म्हणून शक्य तर हात ओला करूनच मूठ धरून पाहावी. मूठ खरखरीत असावी आणि पात्याकडच्या बाजूला बोट अडेल असा उंचवटा असावा. लाकडी मूठ हाताला बरी वाटते, पण ती पाणी पिते, फुगते आणि तिच्या फटीत घाण साचते.

सुरी कितीही चांगली असली तरी मासाही पाहावा लागतो. रोहू, कटला, मृगळ यांच्या मांसातच बारीक, दुफाटी काटे असतात. फाक कितीही सफाईने काढली तरी ते आत राहतात. चिलापी, मरळ आणि मिशीवाल्या शिंगाड्याच्या कुळातले मासे यांच्यात हे काटे नसतात. हॉटेलात मिळणारा ‘बासा’ त्याच कुळातला आहे. आपल्याकडे भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्या जलाशयात चिलापी विपुल मिळते आणि भिगवणच्या बाजारात येते. म्हणजे बोनलेससाठी योग्य मासा आपल्या दाराशीच आहे.

शेवटी धार. बोथट सुरीला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ती घसरते, म्हणून बोथट सुरीच अधिक कापते. धार उजेडाकडे धरून पाहावी. कडेवर पांढरी रेघ चमकली तर ती बोथट झाली असे समजावे. ओल्या दगडावर दोन्ही बाजू सारख्या घासाव्यात आणि काम संपल्यावर सुरी धुऊन, पुसून ठेवावी.

यंदा आईने स्वतः सुरी निवडली. दुकानदाराकडे पाणी मागून तिने हात ओला केला, मूठ आवळली, टोक फळीवर टेकवून पाते वाकवले. दुकानदार हसला, पण मी हसलो नाही. विळी अजून तिच्या पायाखाली आहे, सुरी तिच्या शेजारी आहे. रश्श्याच्या गिऱ्हाइकाला एक, हॉटेलवाल्याला दुसरी. भांडवलाची व्याख्या मी परीक्षेत लिहीनच. पण हत्यार कामाकडे आणि हाताकडे पाहून घ्यावे, चकाकीकडे पाहून नव्हे, हा धडा मला काष्टीच्या बाजारात मिळाला, आणि त्याची फी माझ्या आईने भरली.